मावशी, चार लोकांत तुमचे आभार

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. बाबा गेल्यावर एका प्रार्थना सभेत मला चार लोकांत ऐकवलं गेलं, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." बोल चार लोकांत लागला, मग आभारही चार लोकांतच मानायचे.

बाबांसाठी चर्चच्या अख्ख्या मंडळीने उपास धरले होते. मी रात्र रात्र गुडघ्यावर होते. तरी सोलापूरच्या त्या भाजणाऱ्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांना मातीआड केलं. त्यानंतर प्रार्थनेला तोंडच उघडेना. देव खरंच ऐकतो का, हा प्रश्न मनात येणं हेच पाप वाटायचं, म्हणून मी उपासनेला जाणं सोडलं.

तुम्ही समजवायला आला नाहीत. नुसता निरोप धाडलात, "मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, संध्याकाळी येऊन थोडं बायबल वाचून दाखवशील का?" म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आले.

तुमच्या मांडीवर सूप असायचं. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटं चुकत नव्हती. भिजवलेलं पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ, की विडी बाजूला. मी वाचत राहायचे, तुमचे हात चालत राहायचे. ते फक्त एकदा थांबलेले मला आठवतात.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय चालला होता. येशू मरणातून उठलाय हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा म्हणतो, तिथवर आले आणि माझा आवाज बसला. तुम्ही म्हणालात, "पुढची ओवी वाच." पुढे आहे की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. तेव्हा तुमचे हात थांबले. "बरोबर होता, बघ. आठ दिवस तो मानत नव्हता, तरी कुणी त्याला दाराबाहेर काढलं नाही. आणि तोही उठून गेला नाही."

लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले होते. ते आठ दिवस मला कधीच दिसले नव्हते.

मग मीच शोधायला लागले. तुरुंगातून बाप्तिस्मा करणारा योहान येशूला विचारायला पाठवतो, तारणारा म्हणून येणारे ते आपणच का? प्रभू त्याच्यावर रागावत नाही, उलट लोकांपुढे त्याची थोरवी सांगतो. आजारी मुलाचा बाप रडकुंडीला येऊन म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही त्याचं पोर बरं होतं. (माझ्या बाबांचं तसं का झालं नाही, हे मी तुम्हाला विचारलं होतं. "मला नाही ठाऊक," म्हणालात. त्या तीन शब्दांसाठी वेगळे आभार.) आणि बायबलमधलं यहूदाचं पत्र, जेमतेम 25 ओव्यांचं. त्यात सरळ लिहिलंय की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. ही ओवी मला आधी कुणी का दाखवली नाही?

पंडिता रमाबाईंचंही तुम्हीच सांगितलंत. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या प्रश्न विचारत राहिल्या. त्याच बाईंनी पुढे, आपल्या पुण्याच्या रेल्वेमार्गावरच्या केडगावात बसून, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तेव्हापासून गाडी केडगावला आली की मी खिडकीशी सरकून बसते.

माझे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, मावशी. पण ते घेऊन आता मी मंडळीत बसते. गेल्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी उपासनेनंतर मागे थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "ताई, मला काहीच खरं वाटत नाही." मी तिला वचन सुनावलं नाही. तिच्याजवळ बसले, चहा पाजला. हे तुमच्याकडूनच शिकले.

तुमचं ऑपरेशन झालंय, अक्षर दिसतंय, तरी "तूच वाच" म्हणता. रविवारी येते. 88 वं स्तोत्र आपलं अर्धं राहिलंय. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, मी आधीच बघून ठेवलंय. तरी वाचू.

तुमची,
समोरच्या गल्लीतली लेक