परिक्रमेच्या तयारीत काठावरच्यांचाही खर्च धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एका बँकेत कर्जविभागात काम करते. येत्या दत्तजयंतीनंतर सहा महिन्यांची विनावेतन रजा घेऊन पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं ठरवलं आहे. ऑफिसात या रजेला झोकात ‘सबॅटिकल’ म्हणतात. घरी सासूबाई म्हणतात, “पगार बंद आणि पाय चालू.”

तयारीला लागल्यापासून मिळणारे सल्ले दोनच गोष्टींभोवती फिरतात, बूट आणि बॅग. ते चुकीचे नाहीत. चालून पाय सुजतो म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, बॅग आपल्या वजनाच्या एक दशांशाच्या वर जाऊ देऊ नये, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, दुखरी दाढ निघण्याआधी दाखवून यावी. हे सगळं मी केलं आहे. रविवारी पाठीवर बॅग घेऊन नरसोबाच्या वाडीपर्यंत चालत जाते. वाटेत ओळखीचे लोक मोटारसायकल थांबवून “सोडू का वाडीला?” विचारतात, त्यांना नाही म्हणणं हाही सरावाचाच भाग.

पण एक हिशेब मला कुणीच मांडून दाखवला नाही, म्हणून सवयीने मीच मांडला. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे सव्वीसशेच्या वर. वळसे धरले तर आणखी बरंच. दिवसाला वीस किलोमीटर धरले तरी किमान 130 मुक्काम आणि 260 जेवणं होतात. ही कुणाच्या तरी ओसरीवर, कुणाच्या तरी चुलीवर होतात. आश्रमात, देवळात किंवा साध्या घरात सदावर्त मिळतं आणि ‘नर्मदे हर’ म्हणून आपण पुढे जातो. ही रीत बसली ती तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परिक्रमा करणाऱ्यांसाठी. ते चातुर्मासात एका जागी थांबायचे आणि वर्षभर नदीकाठी विखुरलेले असायचे. आम्ही नोकरदार रजा बघून जाणार. चातुर्मास संपला, कार्तिकी एकादशी झाली, की बहुतेक मराठी माणसं ओंकारेश्वरहून एकदमच निघतात. मग ही लाट त्याच गावांवर, त्याच आठवड्यांत जाऊन आदळते. नर्मदा समुद्राला मिळते तिथल्या विमलेश्वरला तर ती तुंबतेच, कारण तिथून समुद्रातून पलीकडच्या काठावरच्या मिठी तलाईला जाणारी नाव भरती पाहूनच सुटते. तोवर थांबलेल्यांना गावाने सांभाळायचं.

परिक्रमा ओंकारेश्वरहूनच सुरू करावी असा नियम नाही. अमरकंटक, जबलपूरचं ग्वारीघाट, नेमावर, काठावर कुठूनही उचलता येते. जिथून उचलली तिथे येऊन पूर्ण करायची, एवढंच. मी ग्वारीघाटहून निघणार आहे. याचे तोटे मला माहीत आहेत. ऐन थंडीत अमरकंटकला पोचेन, म्हणून जाड पांघरूण वाढलं आणि एक दशांशाचा नियम पहिल्याच दिवशी मोडणार. शेवटचा महिना वैशाखाच्या उन्हात जाईल. सोपं काही नाही, पण लाटेत एक माणूस कमी.

दुसरा मुद्दा पैशांचा. पैसे न बाळगता, न मागता जे मिळेल त्यावर चालावं असं सांगणारे जुने परिक्रमावासी भेटतात. त्यांच्याविषयी आदर आहे. पण ते व्रत सगळं सोडून निघालेल्याचं. मी सोडली आहे फक्त हजेरीपटावरची सही. घर आहे, परतल्यावर पगार आहे. त्यामुळे जिथे जेवेन तिथे निदान माझ्या घरी एका माणसाच्या जेवणाला येतो तेवढा खर्च दानपेटीत टाकायचा असं ठरवलं आहे. जिथे पैसे घेत नाहीत, तिथे पीठ, डाळ, तेल त्याच गावातल्या दुकानातून घेऊन द्यायचं. शहरातून जुने कपडे आणि गोळ्या-बिस्किटं नेऊन वाटणं मला पटत नाही.

शूलपाणीच्या झाडीचं, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलाचं, मात्र वेगळं लिहायला हवं, कारण तिचा काही भाग आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत येतो. तिथल्या ‘मामां’नी (परिक्रमावासी तिथल्या भिल्ल आदिवासींना असं म्हणतात) परिक्रमावासींना लुटण्याच्या गोष्टी आपण अजूनही चवीने सांगतो. पण लुटलं कोण गेलं? सरदार सरोवराची भिंत 138.68 मीटरपर्यंत गेली. मणिबेलीपासून सुरुवात होऊन एकेका गावाची घरं, शेतं पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं, नवं गोरा इथे बांधलं. काठच वर सरकला, म्हणून आजचा परिक्रमेचा रस्ता डोंगरातून जातो. आणि त्या डोंगरातलीच माणसं आता येणाऱ्या-जाणाऱ्याला भाकरी वाढतात.

परिक्रमावासींसाठी तिथे भक्तनिवास आणि सिमेंटचे रस्ते व्हावेत अशी मागणी कानावर येते. मला ती नको वाटते. त्या गावांत सर्पदंशावरचं औषध असलेला दवाखाना बारा महिने उघडा राहिला, बाळंतिणीला वेळेवर गाडी किंवा बोट मिळाली आणि फोन लागला, तर आमची सोय त्यातच होते. केवळ आमच्यासाठी हंगामापुरतं काही उभारू नये.

आपल्या पुरवणीत ‘परिक्रमेची बॅग कशी भरावी’ हे छापून येतंच. त्याच्या जोडीला आपल्या नंदुरबारच्या वार्ताहरांनी धडगाव-मोलगी भागातल्या मुक्कामाच्या गावांना भेटून, त्यांना आमच्याकडून काय हवं आणि काय नको, हे विचारून छापावं अशी विनंती. शक्यतो दत्तजयंतीच्या आधी छापलंत तर मलाही उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली