वर्दी उतरवली, आता हक्क परत द्या

प्रति,
माननीय गृहमंत्री महोदय,
कर्नाटक राज्य

विषय: अधिवेशनाच्या काळात निवेदन देण्यापासून अडवल्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मराठा लाइट इन्फंट्रीत 28 वर्षं नोकरी करून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. खानापूर तालुक्यात राहतो, थोडी शेती करतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्यावर येतो.

विधिमंडळाच्या गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात आम्ही चार माजी सैनिक एक अर्ज घेऊन बेळगावात आलो होतो. झेंडा नाही, घोषणा नाहीत, माईक नाही. माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले तीन कागद होते. पोलिसांनी वाटेत अडवलं. जमावबंदी आहे म्हणाले. पाच माणसांचा जमाव म्हणतात, आम्ही तर चौघंच आहोत, असं मी सांगितलं. अधिकारी चांगल्या मराठीत म्हणाला, "काका, वरून ऑर्डर आहे, गाडीत बसा." संध्याकाळपर्यंत एका सभागृहात बसवून ठेवलं. आमच्यातल्या एकाला साखरेचा त्रास आहे, त्याची गोळी घरी राहिली होती. सुटताना नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं लिहून घेतलं. अर्ज मात्र कुणीच घेतला नाही.

तो अर्ज माझ्या वहिनीचा होता. माझा थोरला भाऊ 1971 च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर कामी आला. वहिनी तेव्हा विशीतली होती. आज ती एकटी त्याच घरात राहते. तिला घरपट्टी वाढवल्याची नोटीस आली. खाली जांभळा शिक्का, आकडे तेवढे ओळखता आले, बाकी सगळा मजकूर कन्नडमध्ये. वहिनीला कन्नड बोलता येतं. बसमध्ये, बाजारात ती कन्नडच बोलते. वाचता येत नाही, कारण तिची शाळा मराठी होती. तिने नोटीस देवाच्या फळीवर ठेवली आणि मी येण्याची वाट बघत बसली. मी शेजारच्या पोराकडून वाचून घेतली तेव्हा हरकतीची मुदत संपून गेली होती. कार्यालयात गेलो तर "वेळेत का आला नाही" हे ऐकून घ्यावं लागलं. मराठीत नोटीस मागितली तर खिडकीतल्या माणसाने मान वरसुद्धा केली नाही.

महोदय, आम्ही मागतोय ते तुमच्याच राज्याच्या कायद्यात आहे. स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा कर्नाटकचा 1981 चा कायदा आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं मिळावीत ही सोय त्यातच आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक 18 टक्क्यांच्या वर आहेत, आमच्या खानापूर तालुक्यात तर निम्म्याहून जास्त. आणि राज्यघटनेचं कलम 350 काय सांगतं? राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे, गाऱ्हाण्याचं निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मी तेच द्यायला निघालो होतो. त्यासाठी मला गाडीत घातलं.

आता माझ्या मनातलं सांगतो. सैन्यात असताना मला मोर्चा काढता येत नव्हता, संघटना करता येत नव्हती, वर्तमानपत्राशी बोलता येत नव्हतं. कलम 33 प्रमाणे संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करता येतात, आर्मी ॲक्ट 1950 त्यावरच उभा आहे. मी ते खुशीने मान्य केलं. लढणाऱ्या पलटणीत शिस्त नसेल तर माणसं मरतात. पण वर्दी उतरवली त्या दिवशी हे हक्क मला परत मिळाले, अशी माझी समजूत होती. सरहद्दीवर मी ज्यांच्यासाठी गप्प राहिलो, त्यांच्यात येऊन राहिलो तर इथेही गप्पच बसायचं?

युद्धाच्या नावाने घेतलेले अधिकार सरकार लवकर सोडत नाही, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. चीनशी लढाई 1962 च्या नोव्हेंबरात थांबली, आणीबाणी उठली 1968 च्या जानेवारीत. 1971 ची लढाई 16 डिसेंबरला संपली, माझा भाऊ त्या आधीच गेला होता. पण त्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी 1977 च्या मार्चपर्यंत तशीच होती. दरम्यान 1975 ला दुसरी तिच्यावर चढवली. 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही, एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोध केला. म्हणून 1978 ला 44 वी घटनादुरुस्ती करावी लागली. युद्ध असलं तरी जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क गोठवता येणार नाही, हे लिहून घ्यावं लागलं.

बेळगावात तर युद्धही नाही. 2012 मध्ये इथे विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध झालं, तिथे डिसेंबरचं अधिवेशन भरायला लागलं की आम्हा मराठी भाषिकांच्या मेळाव्याला परवानगी मिळत नाही. 19 डिसेंबर 2022 ला व्हॅक्सिन डेपो मैदानावरचा महामेळावा असाच रोखला, नेत्यांना ताब्यात घेतलं. जमावबंदीचं पूर्वी कलम 144 होतं, आता नव्या संहितेत 163 आहे, नंबर बदलला एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की रास्त मत, गाऱ्हाणं किंवा लोकशाही हक्क दाबायला हे कलम वापरता येणार नाही. तो निकाल बेळगावला लागू नाही का?

आणि हे आजचं नाही. 1956 ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं. त्याच वर्षी जानेवारीत गोळ्या चालल्या, 1986 ला कन्नडसक्तीच्या वेळी पुन्हा चालल्या. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. 2022 च्या डिसेंबरात दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं, तीन-तीन मंत्र्यांची समिती जाहीर केली, इतर भाषिकांना त्रास होऊ नये म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली वेगळी समिती नेमू म्हणाले. ती कुठे बसते, कुणाला भेटते, हे आमच्या गावात कुणाला माहीत नाही. मुंबईच्या सरकारबद्दलही माझं मत चांगलं नाही. निवडणूक आली की त्यांना आमची आठवण येते, भाषणं होतात, हार-तुरे होतात आणि नोटीस परत कन्नडमध्येच येते.

कन्नड माणसाशी माझं भांडण नाही. पलटणीत एका ताटात जेवलो आहे. धारवाडकडचा एक हवालदार मला पाठीवर घेऊन दोन कोस चालला होता. भांडण तुमच्या कारभाराशी आहे.

वहिनीची हरकत मुदत संपली म्हणून न फेटाळता दाखल करून घ्यावी, सुनावणीचा कागद तिला मराठीत मिळावा. आमच्या चौघांची नावं कोणत्या नोंदीत घातली आहेत ते लेखी कळवावं आणि ती काढून टाकावीत. येत्या अधिवेशनात जमावबंदी लावणार असाल तर कारणांसह आदेश मराठीतही चार दिवस आधी गावागावांत लावा, म्हणजे आम्हाला त्याविरुद्ध कोर्टात जाता येईल. अधिवेशन भरलं की मी हाच अर्ज घेऊन पुन्हा येणार आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
खानापूर तालुका, जि. बेळगाव