कुठपर्यंत यायचे, याविषयी

मनाली,
जूनचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी आम्ही लेहच्या रस्त्याने मनालीला उतरलो. दोघांच्या प्रकृती उत्तम आहेत आणि गाडीनेही कुठे अडवले नाही. आता परतीचा प्रवास महामार्गानेच, मुक्कामापुरते थांबत, उरकायचा असे ठरले आहे. तेव्हा सांगण्यासारखे जे आहे ते आजच लिहिते. बाबा, तुम्ही फोनवर विचारले होते की लडाखपर्यंतचा हा रस्ता तुम्हा दोघांना जमेल का, आणि त्यावर आई मागून "आता कुठे या वयात" असे म्हणाली, तेही मला ऐकू आले. फोनवर मी हसून वेळ मारून नेली, कारण त्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत देता येण्यासारखे नव्हते. जमेल, पण सगळा नाही. आणि जेवढा जमेल तेवढाही उन्हाळ्यात नाही.

मे महिन्यात निघू नका असे तुम्ही दोघांनीही बजावले होते आणि मध्य प्रदेशापुरते ते अगदी खरे ठरले. पण झोजीला आणि बारालाचा या खिंडींतला बर्फ काढून रस्ता मोकळा होतो तो उन्हाळ्यातच, आणि जुलैत पाऊस सुरू झाला की हिमाचलात दरडी कोसळू लागतात. त्यामुळे जूनमध्ये लडाख पाहायचे तर मे महिन्यात माळवा आणि ग्वाल्हेर ओलांडावेच लागतात. आम्ही पहाटे साडेचारला निघून अकराच्या आत मुक्काम गाठत होतो आणि दुपारभर खोलीत, कूलरसमोर, पडून राहत होतो. तुम्हाला त्या उन्हातून नेण्याचा विचारही माझ्या मनात येणार नाही. मात्र लडाखसाठी जो पट्टा आम्ही जवळजवळ डोळे मिटून पार करणार होतो, तोच खरे तर तुमचा पट्टा आहे, हे तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आले.

धुळे, शिरपूर मागे टाकून बिजासनीचा घाट चढला की मध्य प्रदेश सुरू होतो आणि तिथून फार वेळ न जाता नर्मदा येते. खलघाटचा पूल गाडीने काही क्षणांत ओलांडला जातो. परिक्रमा करणारे नदीला सतत उजव्या हाताला ठेवून चालतात आणि मध्ये कुठेही तिचे पात्र ओलांडत नाहीत. तिचे १,३१२ किलोमीटर दोन्ही काठांनी पायी घालणाऱ्यांच्या देखत आपण मोटारीतून पलीकडे जातो, याचा मला उगीचच संकोच वाटला. महेश्वरला पोहोचलो तेव्हा घाटावरच्या सावलीत असेच काही जण विसावले होते. "नर्मदे हर" म्हटले की उत्तर येते "हर", आणि पुढे कुठले, कोण, अशी चौकशी मराठीतही होऊ शकते, इतकी आपल्याकडची माणसे तिथे येतात.

आई, महेश्वर तुला फार आवडेल. जामखेडजवळच्या चौंडीची मुलगी येथे येऊन राज्य करते आणि तिचा राजवाडा पाहावा तर आपल्या मिरजेतल्या एखाद्या मोठ्या वाड्याएवढाच, लाकडी खांबांचा, साध्या ओसरीचा. अहिल्याबाईंची गादी तिथे मांडून ठेवलेली आहे. राजवाड्यापेक्षा घाट भव्य, हा क्रम मला त्यांच्या स्वभावाचाच वाटला. किल्ल्याच्या आसपास विणकरांचे माग चालू असतात. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे साडी अंगावर हलकी बसते. किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणजे साडी उलटसुलट कशीही नेसावी. मी तुझ्यासाठी मुद्दामच घेतली नाही, कारण रंगाच्या बाबतीत तू माझ्यावर आजवर कधी विश्वास ठेवलेला नाहीस. मागासमोर बसून तूच निवड. घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आणि उंच आहेत, पण तुझ्या गुडघ्यांना त्या सगळ्या उतरायला लागणार नाहीत. वरच्या टप्प्यावर बसूनही नदी पूर्ण दिसते.

रावेरखेडीला बाजीरावांच्या समाधीपाशीही गेलो. २८ एप्रिल १७४० ला, ऐन उन्हाळ्यात, ते तिथे तापाने गेले. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख मी पाठ केली होती. पण एप्रिल-मेमध्ये नर्मदेकाठी ऊन कसे असते हे पुस्तकात नव्हते.

महेश्वरहून विंध्याचा घाट चढून महूच्या पठारावर आलो की, बाबा, भूगोल हाताने दाखवता येतो. घाटाच्या अलीकडे पडलेले पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला जाते, आणि पठारावर जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ उत्तरेला वाहत यमुनेला, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला, मिळते. महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी थांबलो. एप्रिलमधल्या जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, आम्हाला मात्र सकाळच्या शांततेत सगळे नीट पाहता आले. इंदूरच्या पोहे-जिलेबीविषयी आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याविषयी सगळे जण इतके सांगतात की मी वेगळे लिहीत नाही. एवढेच, की पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला आईसाठी घेतला आहे.

देवासला पोहोचल्यावर मात्र मला बाबांचीच आठवण येत होती. बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा क्षयाने आजारी पडून या गावात हवापालटासाठी येतो, कित्येक वर्षे गाऊ शकत नाही, अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीते ऐकत राहतो आणि मग ज्याला आपण कुमार गंधर्व म्हणतो ते गाणे घेऊन उठतो. तुम्ही हे मला लहानपणापासून सांगत आला आहात. गावामागची टेकडी आणि तिच्यावरची देवीची देवळे पाहिली तेव्हा वाटले की हे तुमच्या तोंडून इथेच ऐकायला हवे होते.

ग्वाल्हेरचे तर विचारूच नका. आपण मिरजेची माणसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्या मुलखात आणली आणि विष्णु दिगंबर पलुसकरांना मिरजेत शिकवले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ती गायकी जिथून आली ते गाव आपल्या घरातल्या कुणीही पाहिलेले नव्हते, याचे मला आश्चर्य वाटले. तानसेनाची कबर अगदी साधी आहे. सूफी संत महंमद घौसच्या मोठ्या, जाळीदार मकबऱ्याशेजारी ती जवळजवळ लक्षातही येत नाही. शेजारी चिंचेचे झाड आहे, त्याची पाने चावली की गळा गोड होतो अशी समजूत. जावयांनी ती श्रद्धेने चावली. परिणाम तुम्ही आल्यावर स्वतःच ऐका. दर वर्षी डिसेंबरात तिथे तानसेन समारोह होतो, आणि माझ्या मनातला बेत याच गोष्टीभोवती आहे. तो शेवटी सांगते. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याच्या बाजूने गाडी थेट वर जाते, तेव्हा चढणीची चिंता नाही. मानमंदिराच्या भिंतींवरची निळी फरशी अजून शाबूत आहे. बाबा, खाली ग्वाल्हेर दरवाज्याच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, इ.स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आहे. तेवढी वाट मात्र पायी उतरावी लागते. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे आम्ही भर उन्हात उभे होतो. त्या पडल्या तोही जून महिनाच, १८५८ चा.

पुढे चंबळ ओलांडून आग्रा, आणि मग पानिपत. 'काला आंब' या रणभूमीवरच्या स्मारकापाशी मोठी बाग आहे, शाळेच्या सहली येतात, आवार स्वच्छ आहे. मला तिथे भावना दाटून आल्या असे लिहिले तर ते खोटे होईल. मला धक्का बसला तो जमिनीचा. नजर पोहोचेल तिथवर सपाट; टेकडी नाही, घळ नाही, आडोसा नाही. सह्याद्रीत वाढलेल्या फौजेने, दिल्लीकडून येणारी रसद तुटलेली असताना, अडीच महिने इथे तळ टाकून काढले आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटी लढाई दिली, हे त्या सपाटीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तिथून यमुना ओलांडली की कैराना. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १८७२ साली जन्मले ते हे गाव, आणि दर वर्षी ज्यांच्या स्मरणार्थ तुम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेखाली रात्र जागवता, ते तेच. पानिपतला आलेली मराठी माणसे यमुनेपलीकडे सहसा जात नाहीत; आम्ही मिरजेचे म्हणून वाट वाकडी केली. अरुंद गल्ल्या, गर्दी, उसाच्या ट्रॉल्या. पाहण्यासारखे म्हणून काही दाखवता येणार नाही, तरी जाऊन आल्याचे समाधान आहे.

आई, आता तुझे घुमान. गुरदासपूर जिल्ह्यातले हे छोटे गाव, आणि तिथे नामदेव महाराजांचा गुरुद्वारा. आयुष्याचा बराच काळ त्यांनी इथे काढला असे परंपरा सांगते. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. तू पंढरपूरला नामदेवाच्या पायरीला डोके टेकवतेस, आणि इथले शीख बाबा नामदेव म्हणून त्याच माणसापुढे मत्था टेकतात. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळताच सेवेकऱ्यांनी २०१५ च्या साहित्य संमेलनाच्या आठवणी काढल्या. सारे गाव पाहुणचाराला कसे लागले होते ते सांगताना त्यांचे शब्द संपेनात. लंगरची पंगत जमिनीवर बसते, परंतु गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाजूला बसण्याची सोय करून देतात, हे मी विचारून घेतले आहे.

इथवरचे सगळे तुमचे. यापुढचे मी तुम्हाला फक्त सांगणार आहे.

आम्ही मनालीकडून न चढता काश्मीरकडून चढलो, कारण श्रीनगर १,५८५ मीटर, मग सोनमर्ग, मग कारगिल, असे टप्प्याटप्प्याने चढता येते आणि शरीराला विरळ हवेची सवय होते. झोजीला ३,५२८ मीटरवर आहे. तिथल्या निसरड्या, कच्च्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही तासन्‌तास ताटकळलो. द्रासच्या कारगिल युद्धस्मारकासमोर तोलोलिंगचा डोंगर उभा आहे. इतक्या उघड्या चढावर खालून वर गोळीबारात चढून गेलेल्यांविषयी मी काय लिहावे. निम्मूला झंस्कार सिंधूला मिळते आणि दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहते. लेहमध्ये आधी काही न करता नुसता आराम केला.

परतताना तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर लागली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. चार पावले चालले तरी धाप लागते, डोके ठणकते, भूक मरते. त्या रस्त्याच्या मोठ्या टप्प्यात गाव नाही आणि रुग्णालय तर नाहीच. वेळ आलीच तर आधार लष्कराच्या तळांचा. बाबा, तुमच्या हृदयात स्टेंट आहे. विमानाने जाऊ म्हणाल तर ते आणखी वाईट, कारण काही तासांत ३,२०० मीटरहून अधिक उंचीवर उतरावे लागते. म्हणून लडाखला नाही. या बाबतीत मी तुमचे काही ऐकणार नाही. श्रीनगर मात्र डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुढच्या वर्षी पाहू.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या उंचीवर रस्ते बांधणारे, डांबर उकळणारे, दगड फोडणारे मजूर पुष्कळसे झारखंडातले, दुमका भागातले. तेही दर उन्हाळ्यात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला येतात आणि बर्फ पडू लागला की परततात. त्यांच्याशी बोलल्यावर आमच्या प्रवासाचे कौतुक मला जरा कमी वाटू लागले.

तर बेत असा. डिसेंबरात, समारोहाच्या तारखा जाहीर झाल्या की, तुम्ही मिरजेहून रेल्वेने पुण्याला यावे. तिथून गाडीने महेश्वर, देवास, ग्वाल्हेर. रोज पाच तासांपेक्षा अधिक प्रवास नाही आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. ग्वाल्हेरच्या पुढे त्या दिवसांत दाट धुके असते, म्हणून तिथूनच परत फिरायचे. पानिपत आणि घुमान फेब्रुवारीच्या शेवटी, दिल्लीपर्यंत रेल्वेने. समारोहातल्या रात्रीच्या बैठकांना थंडी कडाक्याची असते. बाबांनी कानटोपीवरून वाद घालू नये.

त्याआधी बाबांची तपासणी आणि आईच्या गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची भेट, ही दोन कामे श्रावणापूर्वी करून घ्यावीत आणि डॉक्टर काय म्हणाले ते जसेच्या तसे मला कळवावे. आईने "सगळे ठीक आहे" असे लिहिले तर मी ते ग्राह्य धरणार नाही. कागदांचे फोटो पाठवावेत.

कळावे. जावयांचा दोघांनाही नमस्कार.

तुमची,
धाकटी