जाळं करून न दिल्याबद्दल तात्यांचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप तात्यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या अंगणात बसून केलेलं हातजाळं परवा सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत पहिल्यांदा कामाला आलं. मासा तांबोसा होता, चांगला दांडगा. फोन करून सांगितलं तर "गावलो मां? बरा झाला" एवढं बोलून तुम्ही लगेच पुण्यात पाऊस किती झाला ते विचारायला लागलात. आभाराचा विषय तुम्ही कधी पुढे सरकूच देत नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. नात मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून गोठ्याकडे जाऊ नका.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. तुम्ही बांबूची सुपं करणारे कारागीर. मी सुट्टीत गावी आलो की खाडीकाठी गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला बसणारा माणूस. मासा गरीला लागला म्हणजे काम झालं असं नसतं. काठाजवळ येऊन त्याला माणूस दिसला की तो जीव खाऊन उसळी मारतो, आणि दोरी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. त्यासाठी लांब दांड्याचं हातजाळं लागतं. दुकानात ॲल्युमिनियमची, घडी होणारी मिळतात. गोड्या पाण्यात ठीक असतील. खाऱ्या पाण्यात त्यांची बिजागरी पांढरी पडून अडकते, आणि पिशवीच्या खरखरीत गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढतात. तो थर म्हणजे माशाचं रोगापासूनचं संरक्षण. लहान मासा परत सोडायचा आणि सोडताना त्याला असा सोलायचा, याला काय अर्थ आहे?

तर मी फोनवर एक फोटो घेऊन तुमच्याकडे आलो आणि बांबूचं असं जाळं करून द्या म्हटलं. तुम्ही फोटो उलटसुलट करून बघितलात आणि म्हणालात, "माझो हात आता चलना नाय. तू कर, मी बसान बघतंय. येळ आसा मां तुझ्याकडे?"

हात चालत नाही हे साफ खोटं होतं, तात्या. त्याच दुपारी गप्पा मारता मारता तुम्ही शेजारणीच्या सुपाची उसवलेली कड बांधून दिलीत. मी बघत होतो.

दिवाळी होऊन गेली होती म्हणून निभावलं. पावसाळ्यात आलो असतो तर तुम्ही बांबूच्या बेटाला हात लावू दिला नसता, कारण तेव्हा कोंब फुटत असतात. बांधावरच्या माणग्यापाशी, म्हणजे आपल्याकडच्या बांबूपाशी, तुम्ही मला नुसतं उभं केलंत आणि कुठला तोडायचा ते विचारलंत. बाहेरच्या कडेचे हिरवेगार, सरळ बांबू कुणालाही पहिले दिसतात. पण कडेला असतात ते पोरवयाचे. पेरांवर पांढरी भुकटी, सालपटं अजून चिकटलेली, कोयत्याच्या पाठीने वाजवलं तर आवाज बद्द. तीन वर्षांचा बांबू बेटाच्या आत असतो. साल निस्तेज, त्यावर बुरशीसारखे करडे ठिपके, आणि वाजवला की खणखणीत बोलतो. आत शिरून तोच काढायचा, जमिनीपासच्या पेराच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे बुंध्यात पाणी साठणारी वाटी राहत नाही. आणि तोडल्या तोडल्या फांद्या छाटायच्या नाहीत. पाल्यासकट झाडाला टेकवून काही दिवस उभा ठेवायचा, आतला गोडवा पानं ओढून घेतात. मग ओहोळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबायचा. बांबूला भुंगा लागतो तो आतल्या पिठासाठी. पीठ धुऊन गेलं की त्याला खायला काही उरत नाही. बांबू तोडायला तुम्ही अंधारी रात्रही पाळता. मला चंद्रापेक्षा थंडीचं कारण जास्त पटतं, पण त्यावरून तुमच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

माणगाच का, हे घाटावरच्या मित्रांना सांगायला लागतं. हा बांबू बिनकाट्याचा आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. कळकाचा दांडा जाड, आतून पोकळ आणि हातात नकोसा होतो. माणगा मुठीत मावतो आणि वजनाने वाकला तरी मोडत नाही. कुडाळच्या कोनबॅक या बांबूचं काम करणाऱ्या संस्थेमुळे माणग्याची घरं आणि फर्निचर लांब लांब पोचलं, चांगलंच झालं. जाताजाता तुम्हाला कायद्याचंही सांगितलं होतं: १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड होतं, २०१७ मध्ये दुरुस्ती करून शेताबांधावरच्या बांबूला त्यातून वगळलं. त्यावर तुम्ही काकींना हाक मारून म्हणालात, "आयकलंस? सरकाराक आता कळला!" काकी दिवसभर हसत होत्या.

मला सगळ्यात जास्त तुमचे आभार मानायचे आहेत ते कामटीसाठी, म्हणजे बांबू चिरून काढलेल्या पट्टीसाठी. बांबू चिरताना चीर मधोमध राहत नाही, हळूहळू एका बाजूला पळते. एक भाग जाड, एक बारीक, आणि शेवटी बारीक भाग टोकाला पोचायच्या आधीच तुटून येतो. असं झालं की कुणीही कोयता जोरात दाबतो. तुम्ही कोयता काढून घेतलात, दोन्ही भाग माझ्या दोन हातांत दिलेत आणि म्हणालात, "जाडी बाजू ओढ, बारीक सोड." जाड भाग बाहेरच्या बाजूला वाकवत गेलं की चीर आपोआप त्याच्याकडे सरकते. माझ्या डोळ्यांदेखत ती मधोमध आली. मी इंजिनिअर माणूस, लगेच हे असं का होतं ते समजावून सांगायला लागलो. तुम्ही मान डोलावत सगळं ऐकून घेतलंत आणि दुसरा बांबू पुढे केलात.

जाळ्याच्या तोंडाच्या कड्यासाठी कामटीची साल बाहेर ठेवायची, कारण सगळी ताकद सालीलगतच्या धाग्यांत. तासायचं ते आतून. जिथे सगळ्यात जास्त वळण येणार तिथे पेराची गाठ येता कामा नये, म्हणून मापं टोकापासून न घेता मधल्या लांब कांड्याच्या मध्यापासून दोन्हीकडे घ्यायची. हे तुम्ही कागदावर कधी मांडलं नाहीत. कामटी हातात तोलून, दोन वेळा हलवून, नखाने खूण केलीत. नंतर मी टेप लावून बघितलं. टेपचं काही म्हणणं नव्हतं.

शेकायला काकींनी करवंट्या दिल्या. करवंटीच्या निखाऱ्याला ज्वाळ नाही, धग एकसारखी. कामटी निखाऱ्यावर पुढेमागे फिरवत राहायची आणि सालीवर तेल सुटल्यासारखी चमक आली की ओल्या फडक्याने पुसून गुडघ्यावर हळूहळू वळवायची. वळवून झालं की सोडायचं नाही, गार होईपर्यंत तशीच धरून बसायचं. मी चुळबुळ करायला लागलो की "घाई कित्याक? गाडी चुकता?" गाडी खरंच चुकत होती, पण तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. वळलेल्या कामटीच्या दोन्ही शेपट्या एकत्र येऊन दांड्याला भिडल्या, त्यावर भिजवलेल्या वेताच्या सालीची बांधणी. वेत सुकताना आवळतो, त्यामुळे खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. मग महिनाभर ते सगळं चुलीवरच्या माळ्यावर धुरात.

पिशवीची वेळ आली तेव्हा तुम्ही हात वर केलेत. जाळं विणणं आपलं काम नव्हे म्हणालात आणि मला खाडीपलीकडच्या तुमच्या गाबीत, म्हणजे कोळी दोस्ताकडे धाडलंत. त्यांचेही आभार इथेच मानतो, ते तर तुमच्याहून कमी बोलतात. त्यांनी बांबूची अर्धा इंच रुंदीची पट्टी दिली. प्रत्येक फास त्या पट्टीवरून घ्यायचा म्हणजे ताणल्यावर आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बरोबर एक इंचाचा येतो. सुईतला दोरा वरच्या आसातून घेऊन अंगठ्याने चिमटीत धरायचा, वळसा डावीकडे फेकायचा, सुई मागून काढून ओढायची. अंगठा उचलायच्या आधी गाठ वर बसली पाहिजे. खाली घसरली तर ती सरकगाठ होते, दिसायला तशीच, आणि मासा पिशवीत धडपडला की आस मोठा होत जातो. ते गाठ बघायचे नाहीतच. नुसता दोरा ओढून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे, हो किंवा नाही. दोरा त्यांनी मऊ, पिळाचा निवडला, माशाच्या अंगाला टोचणार नाही असा.

पिशवी कड्याला लावताना मात्र तुम्ही पुन्हा मध्ये पडलात. मी ड्रिल आणलं होतं. कड्याला भोकं पाडून दोरा ओवावा असा माझा बेत. "भोक पडला काय चीर थयसूनच सुरू होतली," म्हणून तुम्ही ड्रिल पिशवीत परत ठेवायला लावलंत. मग पिशवीची कड वेगळ्या जाड दोरीवर ओवली आणि ती दोरी ठिकठिकाणी कड्याला बांधली. आता दोरी झिजली तर दोरी बदलायची, कड्याला काही होत नाही. दांड्याच्या कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल तुम्ही स्वतःच लावलंत, माझ्या हाताला लागून फोड येतील म्हणून.

आणि परवाचा तांबोसा. जाळं घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. आधी जाळं पाण्यात बुडवून स्थिर धरायचं, मासा दमला की त्याला डोक्याकडून त्यावर आणायचा, आणि उचलताना दांडा आडवा न धरता उभा करून आपल्याकडे ओढायचा. मी तसंच केलं. ॲल्युमिनियमसारखं चकाकत नसल्यामुळे मासा बिथरला नाही, सरळ आत आला. कडं वजनाने लांबट झालं आणि मासा काढल्यावर परत होतं तसं झालं.

आता पैशाचं. मी किती द्यायचे ते विचारलं तेव्हा तुमचं उत्तर, "पैशे रवांदेत. तांबोसो गावलो तर फोन कर." तात्या, हे मला पटलेलं नाही. बाजारात तुमच्या सुपासाठी दहा रुपयांवरून घासाघीस करणारी माणसं मी बघितली आहेत. तीच माणसं परदेशी गरी-दांड्याला छापील किंमत मुकाट्याने मोजतात. गौरीच्या ओवशाला सूप बांबूचंच लागतं, प्लास्टिकचं चालत नाही, एवढं तरी लोक मानतात. पण त्या सुपामागे बेटातला तिसऱ्या वर्षाचा बांबू ओळखणारे डोळे आहेत, त्याचा हिशेब कोण धरतं? तुम्ही मला जे दिलंत ती तुमची रोजीरोटी आहे. ती अशी फुकट वाटून टाकू नका, निदान आम्हा पुण्याच्या पगारदारांना तरी.

म्हणून तुम्हाला न विचारता एक केलंय. माझ्याबरोबर गरवायला येणाऱ्या तिघांना असंच जाळं हवंय. त्यांना सांगितलंय की दर तात्या सांगतील तो, कमीजास्त नाही, अर्धे पैसे आधी आणि माल वर्षाने. तिघेही तयार आहेत. त्यातल्या एकाला स्वतः शिकायचं आहे, त्याला तुमच्या रोजाचा वेगळा हिशेब सांगितला आहे. दर तुम्ही ठरवा. कमी सांगितलात तर मी वाढवून सांगणार. काकींशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही.

दिवाळीनंतर चौघे येतो. माणगा तोडायचा तेव्हा आधी कळवा, आणि करवंट्या राखून ठेवायला काकींना सांगा.

तुमचा,
खाडीकाठचा शिष्य