डीजे शिकवणं म्हणजे नुसता दणदणाट नाही

संपादक महोदय,

डीजे म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण मी हे शिकवतो आणि त्याने मुलं कशी खुलतात ते रोज बघतो म्हणून लिहितोय. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही, पहिल्याच दिवशी तिने एका कानाला हेडफोन लावला, दुसरा कान मोकळा ठेवला, बोट जॉग व्हीलवर, म्हणजे गाणं मागेपुढे सरकवायच्या गोल चकतीवर, आणि दोन ट्रॅकचे ठोके अलगद जुळवले, स्क्रीन लागलीच नाही कारण बीटमॅचिंग, म्हणजे ठोके जुळवणं, मुळात कानाचं काम आहे, १२० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचा ट्रॅक १२४ वर न्यायला पिच, म्हणजे ट्रॅकचा वेग, साधारण सव्वातीन टक्के वाढवावा लागतो आणि तो फरक कानाला बरोबर कळतो. कमी ऐकू येणारी मुलं स्पीकरवर तळहात ठेवून बेस ओळखतात. वाचताना अडखळणारा एक मुलगा ३२ ठोके मनात मोजून नेमक्या जागी पुढचा ट्रॅक सोडतो, त्याला आजवर कुणी हुशार म्हटलंच नव्हतं हो!

शाळांनी प्लीज हे सुरू करावं, जुना लॅपटॉप आणि मिक्स (Mixxx) सारखं फुकट डीजे सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं, फक्त हेडफोनचा आवाज कमी ठेवा, मुलांचे कान जपायला हवेत.

– एक संगीत शिक्षक