ठाणेदार साहेब, प्रस्ताव मागे का घेतलात?

मे २०२५

मा. खासदार श्री ठाणेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मिशिगनमधल्या कँटनला राहते, तुमच्या मतदारसंघात नाही, आणि एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असल्याने मला मतही नाही. तरी लिहितेय, कारण २८ एप्रिलला तुम्ही अमेरिकेच्या संसदेत अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात आरोप मांडलेत तेव्हा ऊर भरून आला होता, बेळगावहून १९७९ला शिकायला आलेला आपला माणूस हे बोलतोय म्हणून. आणि १४ मेला मतदानाची वेळ आली तेव्हा तुम्ही पाऊल मागे घेतलंत. सहकाऱ्यांशी बोलून!

दोषी ठरवायला लागणारी ६७ मतं सिनेटमध्ये मिळणार नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल. पण आजवर अध्यक्षांवर चारदा महाभियोग झाला, एकही अध्यक्ष दोषी ठरला नाही, तरी कोण कुठल्या बाजूला होतं ते कायमचं नोंदलं गेलंच ना?

आणि कारण काय कमी आहे? कायदे निष्ठेने राबवणं हे अध्यक्षांचं काम, राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमातच आहे. कायदेशीर प्रक्रियेचा हक्क देणाऱ्या पाचव्या दुरुस्तीत शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. मेरीलँडच्या किल्मार आब्रेगो गार्सियाला एल साल्वाडोरला पाठवू नका असा इमिग्रेशन जजचा आदेश होता, तरी मार्चमध्ये तिथल्याच तुरुंगात टाकलं, सरकारी वकिलाने चूक झाली असं कोर्टात कबूल केलं, सुप्रीम कोर्टाने १० एप्रिलला त्याच्या परतीची सोय करा म्हणून सांगितलं, आणि मे २०२५मध्येही तो तिकडेच. याला कायदा राबवणं म्हणायचं?

गेल्या महिन्यात कॅनडातल्या विंडसरहून परत येताना सीमेवर आम्हाला बाजूला घेतलं. चार तास. फोन काढून घेतले. माझा मुलगा, इथेच जन्मलेला, सहा वर्षांचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर झोपून गेला, आणि मी आय-७९७चा, म्हणजे व्हिसा मंजुरीचा, कागद धरून बसले होते, घडीवर फाटलेला, तो फाटलाय म्हणून अडवतील का एवढंच डोक्यात. शेवटी सोडलं, का थांबवलं ते कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून पोरगं पोलिसांची गाडी दिसली की सीटवर खाली वाकतं. मी काय सांगू त्याला?

आणि हे एकाच पक्षाचं नाही. २०२४ला रिपब्लिकनांनी बायडन सरकारचे गृहसुरक्षा मंत्री मायोर्कस यांच्यावर कायदा राबवत नाहीत म्हणून २१४ विरुद्ध २१३ने महाभियोग आणला, सिनेटने सुनावणी न घेता गुंडाळला. इमिग्रेशन म्हटलं की सगळ्यांना भांडण हवं, उत्तर कुणालाच नको. ग्रीन कार्डांत प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा १९९०च्या कायद्यातली, रांगेतला आमचा नंबर २०१५चा, आणि मे २०२५ला आमच्या वर्गातल्या भारतीयांपैकी जानेवारी २०१३च्या आधीच्यांनाच ग्रीन कार्ड देत होते. टॅक्स मात्र दरवर्षी वेळेवर लागतो.

साहेब, तो प्रस्ताव परत आणा, आणि या वेळी मतदान होऊ द्या. पडला तर पडू दे. तुम्हाला मत आहे, आम्हाला नाही, म्हणून तुमच्याकडे मागतेय.

आपली,
कँटनची एक मराठी आई