लाल शाईतलं ‘काहून?’

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

मार्चमधल्या त्या दुपारी तुम्ही आमच्या धरमपेठेतल्या छोट्या ब्रुअरीत बिअर पारखायला आलात, चार तास बसलात आणि मानधनाचं पाकीट टेबलावरच ठेवून निघून गेलात. त्या दिवशी माझं डोकं टँकमध्ये अडकलं होतं, आभार मानायचे राहून गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

तुमचा फोन आदल्या दिवशीच आला होता. रात्री सावजी नाही, सकाळी तर्री-पोहे नाही, अंगाला अत्तर नाही. ग्लास साबणाचा अंशही राहणार नाही असे धुवायचे, कारण साबण राहिला की फेस बसतो. बिअर बर्फासारखी गार नको, आठ-दहा अंशांवर येऊ द्यायची, नाहीतर वास बाहेरच पडत नाही. बारा वर्षं या धंद्यात काढून यातल्या निम्म्या गोष्टी मी कधी पाळल्या नव्हत्या.

तुम्ही तीन ग्लास मांडलेत, अ, ब आणि क. कुठल्या ग्लासात काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत. समोर पन्नास गुणांचा कागद: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण ठशाला १०. ओतल्या ओतल्या आधी वास घ्यायचा, कारण काही वास दोन मिनिटांत उडून जातात. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. हे सगळं मी नीट केलं. आणि ‘ब’ला ३९ दिले, ‘क’ला २४.

‘ब’समोर मी लिहिलं होतं, ‘खमंग, कढवलेल्या तुपासारखा वास, छान.’ ‘क’समोर, ‘फार कडू.’ तुम्ही कागद ओढून घेतलात, लाल पेन काढलंत आणि दोन्ही ओळींपुढे एकच शब्द लिहिलात. काहून?

मी म्हटलं, ताई, कडू लागली म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘कडू लागली की कडूपणा चुकला? तुला कडू आवडत नाही, हा बिअरचा दोष नव्हे. तुला तूप आवडतं, हा बिअरचा गुण नव्हे.’ मग ‘क’ पुन्हा हातात दिलीत. या वेळी मी सावकाश प्यायलो. आधी टॉफीसारखा कॅरॅमल माल्ट (मोड आणून भाजलेली बार्ली), मग संत्र्याची साल नखानं टोचल्यावर डोळ्यांत उडते तसा झणका, त्यामागे पाइनच्या चिकासारखं काहीतरी, आणि शेवटी कोरडा, स्वच्छ कडूपणा, घोट गिळल्यावर गोडी पुसून काढणारा. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घातलेल्या रेड एलचं, या लालसर बिअरचं, कामच ते. आयरिश रेड सौम्य असते, कडूपणा मागे ठेवते. या एलमध्ये हॉप्सनी माल्टच्या तोडीस तोड उभं राहायचं असतं. ‘क’ मी ३८वर नेली.

आणि ‘ब’ आमचीच होती. कॅस्केड आणि सेंटेनियल हॉप्स घातलेली, घासलेल्या तांब्याच्या घागरीच्या रंगाची आमची पहिली रेड.

तो तुपाचा वास म्हणजे डायअॅसिटिल, यीस्टमुळे बनणारं रसायन आणि अशा बिअरमधला दोष, हे मला शब्दानं ठाऊक होतं, नाकानं नव्हतं. तुम्ही ते नाकाला शिकवलंत. टँकमधून दोन ग्लास भरून झाकलेत. एक साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, दुसरा तसाच बाजूला. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून झाकणं उघडलीत. न तापवलेल्यात तूप जेमतेम होतं. तापवलेल्यातून सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा लोट आला. म्हणजे टँकमधल्या बिअरमध्ये डायअॅसिटिल होण्याआधीचा कच्चा माल अजून शिल्लक होता, आणि ती तशीच केगमध्ये (विक्रीच्या पिंपात) भरली असती तर महिन्याभरानं हाच वास गिऱ्हाइकाच्या ग्लासात निघाला असता.

कारणही तुम्हीच दाखवलंत. किण्वन संपल्यावर घातलेल्या कोरड्या हॉप्समध्ये काही एन्झाइम असतात. न आंबलेली उरलेली साखर ती फोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि डायअॅसिटिल पुन्हा बनू लागतं. वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत खाऊनही टाकतं. आम्ही तिसऱ्याच दिवशी टँक थंड केला होता, आणि यीस्ट काम अर्धं टाकून तळाला बसलं होतं. बाहेर छत्तीस अंश असताना टँक लवकर गार करण्याची आमची घाई होती, ती तुम्ही नुसत्या वासावरून ओळखलीत.

टँक वीस अंशांवर आणून आम्ही सहा दिवस थांबलो. मालक रोज विचारत होते, मी रोज ग्लास तापवून वास घेत होतो. सहाव्या दिवशी दोन्ही ग्लास सारखे निघाले. संत्र्याची साल, कॅरॅमल, बाकी काही नाही.

तुमचा एक मुद्दा मी आता परीक्षणाला बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कागदावर ‘छान’ आणि ‘फार’ हे शब्द नकोत. जिनं बिअर केली तिला दुसऱ्या दिवशी टँकपाशी जाऊन नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे. तुमच्या शेऱ्यात ‘थंड करण्याआधी आठवडा थांबा’ असं होतं. एवढ्या एका ओळीनं आमची हजार लिटर बिअर वाचली.

तो कागद मी टँकशेजारी लॅमिनेट करून लावला आहे. नवीन आलेली पोरं त्या लाल शब्दाकडे बोट दाखवतात आणि मग मला तुमची गोष्ट सांगावी लागते.

दुरुस्त केलेल्या रेडच्या दोन बाटल्या तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. तपकिरी काच, फ्रीजच्या तळाला, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. हॉप्सचा वास फार दिवस टिकत नाही, तेव्हा महिन्याभरात या. कागद आणि लाल पेन मी तयार ठेवतो.

आपला कृतज्ञ,
धरमपेठेतला ब्रुअर
नागपूर